शेण, गाळ आणि गॅस

मुंबईत घाणीतून निघालेला गॅस पहिल्यांदा कामाला लागला, तेव्हा त्यात शेणाचा संबंध नव्हता. माटुंग्याचं कुष्ठरुग्णालय, म्हणजे आजचं वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय, 1890 मध्ये सुरू झालं. तिथल्या मैल्याच्या टाकीवर 1897 मध्ये गॅस गोळा करण्याची सोय केली गेली. त्या गॅसवर दिवे लागले, पुढे इंजिनही चाललं. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात सांडपाण्याच्या टाकीतल्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे पेटले, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे या विद्येत आपण मागे नव्हतो. मागे पडलो ते नंतर. आणि का पडलो हे नीट पाहिल्याशिवाय कोळंबीच्या तळ्यातल्या गाळापासून गॅस काढायच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही.

शेणाकडे लक्ष वळलं ते 1930 च्या दशकाच्या अखेरीस. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेण कुजवून गॅस मिळवण्याचे प्रयोग केले. त्यानंतर जशभाई पटेल यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तरंगत्या टोपीचा नमुना तयार केला. जमिनीत विहिरीसारखी बांधलेली टाकी, तिच्यावर उलटी ठेवलेली लोखंडी टोपी. गॅस साठला की टोपी वर येते, वापरला की खाली बसते. आत किती गॅस आहे हे घरातल्या पोरालाही लांबून कळतं. खादी व ग्रामोद्योग आयोगाने हाच नमुना उचलून 1960 च्या दशकात गावोगाव नेला. त्याचा दोष एकच, पण जबर: लोखंड गंजतं. दर वर्षी रंग दिला नाही तर काही पावसाळ्यांत टोपीला भोकं पडतात, आणि नवी टोपी म्हणजे मोठा खर्च. त्यावर तोड म्हणून उत्तर प्रदेशातल्या अजितमलच्या संशोधन केंद्राने 1978 मध्ये चिनी धर्तीवर पक्क्या घुमटाचं ‘जनता’ संयंत्र आणलं. 1984 मध्ये ‘अफप्रो’ या संस्थेने त्याहून स्वस्त असं ‘दीनबंधू’ काढलं. त्यात लोखंड जवळजवळ नाहीच. सगळी भिस्त घुमट बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हातावर. केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो, आणि दिसत तर काहीच नाही.

महाराष्ट्रात या कामाला एक वेगळा फाटा फुटला. देहूच्या आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडलेलं ‘मलप्रभा’ संयंत्र विकसित केलं. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माटुंग्याचा धागा असा देहूपर्यंत येतो. मात्र संडासाच्या गॅसवर भाकरी भाजायला नाक मुरडणारी घरं तेव्हाही होती, आजही आहेत.

आता टाकीच्या आत डोकावू. हवा अजिबात नसलेल्या जागी जैविक पदार्थ कुजला की त्यातून मिथेन निघतो. इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या दलदलीतून वर येणारे असे बुडबुडे अलेस्सांद्रो व्होल्टाने 1776 मध्ये गोळा केले आणि ते पेट घेतात हे दाखवलं. हे काम एका जातीच्या जिवाणूंचं नाही, त्यांची साखळी असते. पहिली टोळी पिष्ट, प्रथिनं, चरबी यांचे मोठे रेणू फोडते. दुसरी त्यांची आम्लं बनवते. तिसरी त्या आम्लांचं रूपांतर मुख्यतः अ‍ॅसेटिक आम्लात आणि हायड्रोजनमध्ये करते. शेवटची टोळी त्यापासून मिथेन तयार करते. ही शेवटची मंडळी खरं तर जिवाणू नव्हेतच. 1977 मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं की हा जीवसृष्टीचा स्वतंत्र गट आहे. आज त्याला आर्किया म्हणतात. स्वभावाने ही मंडळी फार नाजूक. वाढ सावकाश, प्राणवायू लागला की खलास, आम्लता वाढली की संप. आम्ल बनवणारी टोळी मात्र झपाट्याने काम करते. टाकीत एकदम जास्त खाद्य ओतलं की आम्लांचा ढीग होतो, शेवटची टोळी तुंबते, आणि शेगडीवर ज्योतीऐवजी नुसता फुसफुसाट येतो.

टाकी म्हणजे गाईचं पोट, ही तुलना इथे चपखल बसते. गाईच्या कोठीपोटात हेच मिथेनजनक असतात, आणि शेणाबरोबर ते फुकट टाकीत येतात. म्हणून नवी टाकी सुरू करताना शेणच लागतं. गाईला सोमवारी पोटभर वैरण आणि मग गुरुवारपर्यंत उपास असं कोणी करत नाही. टाकीला मात्र लोक सर्रास तसंच वागवतात.

थोडा हिशोब करू. एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार-पाच जनावरं गोठ्यात बांधलेली असतील तरच एवढं शेण जमतं. दिवसभर रानात चरणाऱ्या गुरांचं निम्मं शेण रानातच राहतं. या गॅसमध्ये मिथेन 55 ते 65 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एक घनमीटर गॅस म्हणजे जवळपास 430 ग्रॅम सिलिंडरचा गॅस. म्हणजे दोन घनमीटरचं संयंत्र पूर्ण ताकदीने चाललं तर 14.2 किलोच्या सिलिंडरचं काम सोळा-सतरा दिवसांत करतं. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर निघतो. थंडीत उत्पादन घसरतं, कारण टाकीतल्या मिथेनजनकांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. म्हणूनच टाकीचं आकारमान प्रदेशावर ठरतं: उबदार भागात शेणकाला 30 दिवस आत राहील एवढी, मध्यम भागात 40, थंड डोंगराळ भागात 55.

कागदावर सगळं उत्तम. 1981-82 पासून केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, अनुदान आलं, लाखो संयंत्रं बांधली गेली. तरी कुठल्याही गावात गेलं की एखादी तरी बंद टाकी दिसतेच. कुणी तिच्यात सरपण ठेवतं, कुणाची कोंबडी तिच्या घुमटावर बसलेली असते. दोष जिवाणूंचा नसतो. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, शेण कमी झालं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं. थोरली सून शहरात गेली आणि रोज सकाळी शेण कालवणारं कोणी उरलं नाही. हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं, हे अनुदानाच्या अर्जात कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय गावात सिलिंडर आला. बटण फिरवलं की पेटतो, त्याला रोज कालवावं लागत नाही. सिलिंडर घेणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग टाकीला दुसरं काय घालता येईल? पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. शेण हे गाईने एकदा पचवून टाकलेलं अन्न आहे. त्यातला रस गाईने आधीच काढून घेतला. मग जिवाणूंना न पचलेलंच का देऊ नये? शिळी पोळी, खराब धान्य, फळांच्या बिया, तेलबियांची पेंड अशा पिष्टमय आणि तेलकट पदार्थांवर चालणारं त्यांचं छोटं संयंत्र प्लास्टिकच्या दोन टाक्यांत बसतं. त्याला 2006 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी खानावळीच्या आणि मंडईच्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ उभं केलं. दोन्हींमागचं रसायनशास्त्र एकच: जितकं सहज पचणारं, तितका जास्त आणि लवकर गॅस. तत्त्वतः एक किलो चरबीतून सुमारे एक घनमीटर मिथेन मिळतो, प्रथिनातून त्याच्या निम्मा, पिष्टातून त्याहून थोडा कमी. भाताचा पेंढा किंवा तुरीची काडी तशीच टाकली तर मात्र फसगत होते. काडीतलं लिग्निन हे कठीण द्रव्य टाकीतल्या जिवाणूंना पचत नाही. काडी तरंगते, वर जाड थर धरते आणि गॅसची वाट अडवते. बारीक कुट्टी करून शेणात मुरवली तर चालते.

मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्राकडे जे आहे ते साखर कारखान्यांत. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड, म्हणजे रसातून वेगळा काढलेला गाळ, निघतो. सुमारे 25 टन प्रेसमडपासून एक टन शुद्ध केलेला, दाबून भरलेला बायोगॅस मिळतो. तो वाहनांच्या सीएनजीत मिसळता येतो. केंद्राने 1 ऑक्टोबर 2018 ला ‘सतत’ योजना आणली ती या गॅसच्या खरेदीसाठी. शहरांतल्या वायुवितरण कंपन्यांनी ठराविक टक्के बायोगॅस मिसळलाच पाहिजे, असं बंधनही घालण्यात आलं: 2025-26 मध्ये एक टक्का, आणि 2028-29 पासून पाच टक्के. खरी अडचण गळीत हंगामाची. कारखाना वर्षातले चार-पाच महिने चालतो, टाकीला बारा महिने खाद्य हवं. प्रेसमड उघड्यावर रचून ठेवला की आतून तापतो आणि त्यातला गॅस देण्याजोगा भाग वाऱ्यावर जातो. उपास आणि अजीर्ण, दोन्ही इथेही आलीच.

आता मासळीकडे वळू.

मत्स्यशेतीचा कचरा म्हणून सगळं एकाच पोत्यात भरायची सवय आहे, ती आधी सोडायला हवी. एक असतो तळ्यातला गाळ: विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य. दुसरी मेलेली मासळी. तिसरी बाजारातली आणि प्रक्रिया कारखान्यातली घाण: डोकी, आतडी, खवले. तिघांची प्रकृती वेगळी.

गाळ पाहू. मासे आणि कोळंबी यांना प्रथिनांनी भरलेलं खाद्य दिलं जातं. त्यातल्या नायट्रोजनपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्साच त्यांच्या अंगी लागतो; बाकीचा पाण्यात आणि तळाशी जातो. म्हणजे कच्चा माल चांगला वाटतो. पण मातीच्या तळ्यातून पंपाने काढलेल्या गाळात मुख्यतः मातीच असते. ती टाकीत गेली की तळाशी बसते, गॅस शून्य आणि काही वर्षांत टाकी अर्धी भरलेली. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात किंवा उतरत्या तळाच्या गोल टाकीत मासे वाढवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथला गाळ बिनमातीचा असतो आणि रोज थोडा थोडा काढता येतो. हा गाळ अतिशय पातळ असतो. शंभर लिटरमध्ये कोरडा ऐवज एक-तीन किलोच. एवढं पाणी थेट टाकीत ढकललं तर जिवाणूच धुऊन निघतील.

इथे एक साधी सोय डोळ्यांसमोर असते. शेणात मिसळायला रोज 50 लिटर पाणी लागतंच. ते विहिरीचं किंवा नळाचं घेण्याऐवजी तळ्यातल्या गाळाचं घ्यायचं. दोन टक्क्यांचा गाळ धरला तर 50 लिटरमध्ये एक किलो कोरडा ऐवज जातो; 50 किलो शेणात तो नऊ-दहा किलो असतो. म्हणजे गॅसमध्ये फार तर दहाव्या हिश्श्याची भर. मत्स्यशेतीच्या गाळावर घर उजळेल असं सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण मार्च-एप्रिलच्या मराठवाड्यात रोज 50 लिटर चांगलं पाणी वाचलं, गाळ ओढ्यात न जाता शेतात गेला, हा फायदा गॅसहून मोठा आहे.

खाऱ्या पाण्याचा मामला जास्त अवघड. पालघर, रायगड, रत्नागिरीच्या खाडीकाठी व्हेनामी कोळंबी वाढवतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10.8 ग्रॅम सोडियम असतं. मिथेनजनकांना साडेतीन ग्रॅमपासून त्रास सुरू होतो आणि आठ ग्रॅमच्या आसपास ते जवळपास थांबतात. तळ्याचं पाणी समुद्राच्या निम्मं खारट असलं तरी सोडियम पाच ग्रॅमच्या वर. दुसरं संकट सल्फेटचं. समुद्राच्या पाण्यात ते भरपूर असतं, आणि त्यावर जगणारे जिवाणू मिथेनजनकांच्या तोंडचा घास पळवून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू बर्नर आणि इंजिन खातो, माणसालाही मारतो. उपाय पुन्हा मिसळण्याचाच. पाच भाग मिश्रणात एक भाग असा गाळ आणि बाकी शेणकाला ठेवला तर सोडियम एक ग्रॅमच्या आसपास येतं, ते चालतं. गॅसच्या वाटेवर लोखंडी किसाची डबी बसवली की बराच सल्फाइड अडतो. आणि तळ्यात ब्लीचिंग पावडर टाकली असेल त्या आठवड्यात गाळ टाकीकडे फिरकूही द्यायचा नाही. जंतू मारण्यासाठी टाकलेलं औषध इथले कामकरी जंतूही मारतं.

मासळीची आतडी आणि मेलेली मासळी म्हणजे दुसरं टोक. चरबी आणि प्रथिनं यांनी खच्चून भरलेलं खाद्य. शेणात कार्बनचं नायट्रोजनशी प्रमाण 25 च्या आसपास असतं, ते टाकीला मानवतं. पेंढ्यात ते 60-80 असतं, मासळीच्या घाणीत जेमतेम चार-पाच. नुसती मासळी घातली की अमोनिया वाढतो, चरबीचा फेस येतो, आणि पंधरवड्यात टाकी बसते. तीच पेंढ्याच्या कुट्टीबरोबर आणि शेणाबरोबर थोडी थोडी दिली तर गॅस झपाट्याने वाढतो. पेंढा एकटा गॅस देत नाही, मासळी एकटी टाकी बिघडवते. दोघांची जोडी जमते. माझ्या मते या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच.

नॉर्वेने ही जोडी मोठ्या प्रमाणावर जमवली. ट्रॉनहेमच्या फ्योर्डकाठी स्कोग्न इथे कागद कारखाना आहे. त्याच्या शेजारी ‘बायोक्राफ्ट’ कंपनीचं संयंत्र 2018 मध्ये सुरू झालं. साल्मनच्या पिंजऱ्यांत मेलेली मासळी फॉर्मिक आम्लात मुरवून तिथे आणतात. ती माणसाला किंवा जनावराला खायला घालता येत नाही, म्हणून तिला मोल देणारं दुसरं गिऱ्हाईक नाही. जोडीला कागद कारखान्याचं सांडपाणी, म्हणजे लाकडातून आलेला कार्बन. निघालेला मिथेन उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात विकतात. ट्रॉनहेमच्या बसगाड्यांना हा गॅस मिळाला, आणि हुर्टिग्रुटेन या जहाज कंपनीने 2019 मध्ये आपल्या बोटींसाठी त्याचा करार केला. लाकूड आणि मासा हे दोन्ही उद्योग तिथे एकाच किनाऱ्यावर होते, म्हणून हे जमलं.

आपल्याकडे मासळीच्या घाणीला गिऱ्हाईक आहे, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. मुंबईच्या ससून डॉकपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत खराब झालेली आणि बारीक मासळी कुटीच्या, म्हणजे मासळीच्या पुडीच्या, कारखान्यात जाते, कोंबड्यांचं आणि माशांचं खाद्य होते. कोकणात माडांच्या बुंध्यातही पडते. जे प्रथिन म्हणून विकलं जातं ते जाळून टाकण्यात शहाणपण नाही. गॅससाठी उरतं ते गावच्या बाजारातलं, जिथून कुटीवाल्याची गाडी जात नाही आणि जे आज गटारात जातं.

व्हिएतनामच्या शेतकऱ्यांनी हे सगळं छोट्या प्रमाणावर, घरच्या घरी केलं. बाग, तळं आणि गोठा एकमेकांना जोडायची त्यांची जुनी पद्धत आहे. डुकरांच्या गोठ्याची घाण पूर्वी सरळ तळ्यात जाई. 2003 पासून नेदरलँड्सच्या मदतीने तिथे जो मोठा कार्यक्रम चालला, त्यात गोठा आणि तळं यांच्यामध्ये टाकी बसली. डुकराचं शेण आधी चुलीला गॅस देतं, उरलेली स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पचलेला काला, बागेला आणि तळ्याला जाते. कच्च्या शेणापेक्षा पचलेली स्लरी तळ्यातला प्राणवायू कमी खाते, तिला माश्याही कमी लागतात. स्लरीने पाण्यात बारीक वनस्पती वाढतात आणि कटला, रोहूसारखे मासे त्यांच्या आधाराने पोसतात. मात्र आकाश ढगाळ असताना किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असताना स्लरी सोडणं म्हणजे तळं मारणं.

‘स्वच्छ ऊर्जा’ या शब्दाबद्दलही थोडं खडसावून बोलायला हवं. मिथेन जळला तर स्वच्छ. न जळता निसटला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा 27 ते 30 पट तापवणारा. चिरलेल्या घुमटाचं संयंत्र उकिरड्यापेक्षाही वाईट ठरू शकतं, कारण उकिरड्याच्या वरच्या थराला निदान हवा तरी लागते. गॅस उरला तर तो हवेत सोडायचा नाही, शेगडी पेटवून जाळून टाकायचा.

आणि बंद पडलेली टाकी साफ करायला कोणीही आत उतरू नये. आत प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटतं वायू गेला. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. गाळ बाहेरूनच, पंपाने किंवा लांब दांड्याने काढावा.

टाकी बांधायचा विचार असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी पंधरा दिवस रोज सकाळी शेण वजनकाट्यावर घाला आणि आकडे भिंतीवर लिहा. तळं असेल तर बादलीभर गाळ उन्हात वाळवून खाली किती कोरडं उरतं आणि त्यात माती किती आहे ते पाहा. रोज कालवणार कोण, हे घरात बसून ठरवा. ते ठरवताना जिला कालवायचं आहे ती तिथे हजर असू द्या. सरासरी 50 किलो शेण भरत नसेल तर दोन घनमीटरचं संयंत्र घेऊ नका, अनुदान कितीही असलं तरी. एक घनमीटरचं घ्या, आणि ते रोज भरा.